पॉइंट एटचा खण

ऑर्थोपेडिकच्या चार्टमध्ये तीन वर्षं काढली की वाटायला लागतं, शरीर म्हणजे फक्त डावं आणि उजवं. कुठला गुडघा, कुठलं मनगट, पेशंट पहिल्यांदा आलाय की परत दाखवायला, हाड नीट जुळतंय की नाही, एवढं कळलं की सात अक्षरी कोड आपसूक बोटांतून उतरतो. अशी मी मजेत असताना एका सोमवारी लीड मॅडम येऊन म्हणाल्या, "उद्यापासून तू गायनॅकला. तिथल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात." गायनॅकच्या टीमला यातला विनोद दिसत नव्हता. मला दिसला, मी हसले आणि हो म्हणून बसले.

काय करतो आम्ही, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर पेशंट तपासतात, नोंद लिहितात. ती नोंद वाचून आजाराला कोड लावायचा. विमा कंपनी तो कोड बघून बिल मान्य करायचं की परत पाठवायचं ते ठरवते. आजारांसाठी तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडांची यादी लागू आहे आणि दर वर्षी १ ऑक्टोबरला त्याची नवी आवृत्ती येते. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही. दिसतो तो फक्त कागद. (खाली जे चार्ट सांगते आहे त्यांतली वयं आणि बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.)

पहिल्या दिवशी चाळीस चार्ट केले. त्यांतल्या अकरांना एकच कोड लावला, एन८९.८. योनीमार्गाचे इतर, दाह नसलेले विकार. शेवटचा पॉइंट एट म्हणजे 'इतर'. स्राव होतोय? एन८९.८. कोरडेपणा? एन८९.८. भिंतीवर छोटी गाठ? पुन्हा तोच. संध्याकाळी घरी जाताना वाटलं, ऑर्थोपेक्षा हे सोपं आहे.

आठवड्याने ऑडिट आलं. ऑडिटर सरांनी स्क्रीन शेअर केली आणि दोन चार्ट शेजारी शेजारी लावले.

पहिल्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं: दोन आठवड्यांपासून पातळ, पांढरट स्राव, वास येतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिस असण्याची शक्यता, नमुना तपासायला पाठवला. मी कोड लावला होता एन७६.०, म्हणजे व्हजायनायटिस, योनीदाह. दुसऱ्यात लिहिलं होतं: स्राव आणि वास, तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निश्चित, मेट्रोनिडॅझोल दिलं. तिथे मी एन७६.० लावला आणि स्रावाची तक्रार होती म्हणून जोडीला एन८९.८ सुद्धा.

"दोन्ही चूक," सर म्हणाले. "आणि गंमत बघ, दोन्ही चुका एकमेकींच्या उलट आहेत."

पहिल्यात मी डॉक्टरांच्या पुढे धावले होते. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदीत 'शक्यता', 'संशय', 'असू शकेल', 'नाही ना ते बघायचंय' अशा शब्दांनी आलेला आजार कोड करायचा नसतो. त्या दिवशी जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लावायचं, आणि त्या दिवशी नक्की होता तो फक्त स्राव. म्हणजे तिथे एन८९.८ हवा होता. दाखल झालेल्या पेशंटच्या डिस्चार्ज नोंदीला हॉस्पिटलसाठी वेगळा नियम आहे, तिथे 'शक्यता' खरी धरतात. माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली होती. दुसऱ्या चार्टमध्ये आजार ठरला होता, स्राव त्याचंच लक्षण होतं, तरी मी ते वेगळं मोजलं. त्याशिवाय एन८९ च्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक्सक्लूड्स वन ही टीप आहे आणि तिच्यात एन७६ स्वच्छ लिहिलेला आहे. एक्सक्लूड्स वन म्हणजे हे दोघे एका ताटात जेवत नाहीत. एक घेतला की दुसरा उठलाच.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी घरी बसून वाचलं होतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिसला 'आयटिस' (दाह) न म्हणता 'ओसिस' म्हणतात ते उगाच नाही. आम्सेल यांचे १९८३ चे निकष अजून वापरतात: पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर माशासारखा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लू पेशी (जंतू चिकटलेल्या पेशी). चारांपैकी तीन असले की निदान झालं. यात पांढऱ्या पेशींची गर्दी कुठेच नाही, म्हणजे दाहाची जी मुख्य खूण तीच नाही. जंतूंचं गणित बिघडलेलं असतं, भिंत पेटलेली नसते. मग हा आजार 'दाह नसलेल्या' विकारांत का नको?

आमच्याकडे ऑडिटरने काढलेली चूक पटली नाही तर रीबटल, म्हणजे लेखी हरकत, टाकता येतो. मी टाकला, चांगला पानभर. निकषांसकट. उत्तर एका ओळीत आलं: "इंडेक्समध्ये व्हजायनोसिस काढून बघा."

इंडेक्स म्हणजे आजारांच्या नावांची वर्णक्रमाने यादी. काढलं. व्हजायनोसिस, पाहा व्हजायनायटिस. संपलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, "तुझं वैद्यकशास्त्र बरोबर आहे. पण आपण वैद्यकशास्त्र कोड करत नाही, वर्गीकरण कोड करतो. सगळ्या कोडरांनी एकच गोष्ट एकाच ठिकाणी ठेवली तरच ती मोजता येते. तू शहाणपणा करून वेगळ्या खणात ठेवलीस तर ती हरवली." मला ते पूर्ण पटलं असं नाही. आजही एन७६.० टाइप करताना किंचित टोचतं. पण रीबटल टाकायच्या आधी इंडेक्स उघडायची सवय त्या दिवसापासून लागली.

त्यानंतर मी एन८९ चं पान शिकवणीला बसल्यासारखं वाचलं. मोठं नाही ते, एक स्क्रीनभर. पण नावातच गोम आहे. आजार काय आहे ते सांगायच्या ऐवजी काय नाही ते सांगून सुरुवात केली आहे: दाह नाही. मराठीत याची वेगळीच गंमत होते. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे श्वेतप्रदर, आणि दाह वाढला की प्रदाह. प्रदर आणि प्रदाह, दिसायला सख्खे भाऊ, आणि पुस्तकात एकाचं घर एन८९ तर दुसऱ्याचं एन७६. मी वहीत दोन्ही शब्द वर लिहून मध्ये रेघ मारली. ती वही अजून आहे.

रेघेच्या पलीकडे कोण कोण, तेही त्याच टीपेत आहे. दाह असेल तर एन७६. पाळी गेल्यानंतर अस्तर पातळ होऊन झालेला अॅट्रॉफिक व्हजायनायटिस असेल तर एन९५.२. ट्रायकोमोनासमुळे स्राव असेल तर थेट संसर्गाच्या प्रकरणात, ए५९.००. पेशींच्या तपासणीत काही दिसलं आहे पण तुकडा काढून खात्री झालेली नाही, तर आर८७.६२ च्या पोटात. आणि कर्करोगाच्या उंबरठ्यावरचं असेल तर डी०७.२. म्हणजे 'स्राव' हा एकच शब्द वाचून एन८९.८ कडे धावण्याआधी चार-पाच दारं ठोठावायची आहेत. मी पहिल्या दिवशी एकही ठोठावलं नव्हतं.

आणखी एक दार टीपेत नाही पण रोज लागतं: ती बाई गरोदर आहे का? असेल तर पंधराव्या प्रकरणातला ओ-कोड पुढे बसतो आणि बाकीचे त्याच्या मागे. गरोदरपणाचा या तक्रारीशी संबंध नाही असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असेल तरच सुटका. आपण ठरवायचं नाही.

आता ज्या चार्टने मला हे काम खरं शिकवलं त्याच्याकडे येते. चार्ट नाही, चार्टची माळ. एकच पेशंट, वर्षभरातल्या चार भेटी. गर्भाशय आणि ग्रीवा आधीच काढलेली, म्हणून झेड९०.७१० आलाच. नियमित तपासणीत योनीच्या वरच्या टोकाचा पॅप (पेशींचा नमुना) घेतला. रिपोर्ट आला एलएसआयएल, म्हणजे पेशींत सौम्य बदल. तो आधीच्या कोडरने आर८७.६२२ म्हणून लावला होता, बरोबरच. आर म्हणजे लक्षणं आणि तपासणीतली नवलं. आजार नाही, नुसती नोंद.

दुसरी भेट माझ्या वाट्याला आली. कॉल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी) करून तुकडा काढला होता. प्रोसिजरचा कोड ५७४२१. डॉक्टरांची नोंद वाचून मी पुन्हा आर८७.६२२ लावणार होते, तेवढ्यात शेजारची म्हणाली, "थांब, पॅथॉलॉजी आलीय का बघ." आली होती. व्हेन टू. (व्हेन म्हणजे योनीच्या अस्तरातल्या पेशींचे कर्करोगाआधीचे बदल, एक ते तीन पायऱ्यांत.) पॅथॉलॉजिस्टने अर्थ लावून अंतिम रिपोर्ट दिलेला असेल आणि कोड करताना तो हातात असेल, तर त्यातलं पक्कं निदान लावायचं असतं. व्हेन वन म्हणजे एन८९.०, सौम्य. व्हेन टू म्हणजे एन८९.१, मध्यम. मी एन८९.१ लावला. पेशंट आर मधून एन मध्ये आली. तुकडा काढल्याशिवाय तिला हे दार उघडत नव्हतं.

तिसऱ्या भेटीत काही विशेष नव्हतं, उपचारानंतरची पाहणी. चौथ्या भेटीत परत तुकडा, आणि रिपोर्ट व्हेन थ्री. मी सरळ हिशेब केला: शून्य सौम्य, एक मध्यम, मग तीव्र म्हणजे एन८९.२. टाइप केलं, सॉफ्टवेअरने लाल केलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल. पान उघडून बघते तर एन८९.१ नंतर थेट एन८९.३, प्रकार न सांगितलेला डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींतला बिघाड. मधला आकडाच नाही. दात पडलेल्या जागेसारखं.

उत्सुकता म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० उघडलं. तिथे एन८९.२ आहे: तीव्र डिस्प्लेसिया, अन्यत्र न गणलेला. तिथेही व्हेन थ्री म्हटलं की डी०७.२ कडेच पाठवतात. अमेरिकेने ती जागा मोकळी सोडली आणि तीव्र म्हणजे सगळंच डी०७.२, योनीमार्गातला जागच्या जागी असलेला कर्करोग. आर, मग एन, मग डी. बाई तीच, जागा तीच, बोटभर अस्तर तेच. पण डी०७.२ गाठींच्या प्रकरणात आहे. तो लागला की विमा कंपनीच्या नोंदीत त्या बाईच्या नावापुढे कर्करोगाच्या कुटुंबातला कोड कायमचा बसतो. मी एंटर दाबायच्या आधी रिपोर्ट तीनदा वाचला. ऑर्थोमध्ये डावं-उजवं चुकलं तर क्लेम परत येतो, दुरुस्त होतो. इथे माझ्या एका आकड्याने कुणाच्या कागदावर तो शब्द येऊ शकतो किंवा यायला हवा असताना येत नाही, ही जाणीव मला तोवर नव्हती.

याच विषयातला एक सापळा, नव्यांसाठी. २०१२ पासून पॅथॉलॉजिस्ट तुकड्याच्या रिपोर्टमध्येही एलएसआयएल (सौम्य) आणि एचएसआयएल (जास्त तीव्र) हेच शब्द वापरायला लागले आहेत. तीन पायऱ्यांच्या जागी दोन. पॅपवर एचएसआयएल आलं तर आर८७.६२३. तुकड्यावर एचएसआयएल आलं तर आर अजिबात नाही, पण मग व्हेन टू की थ्री? कंसात लिहिलं असेल तर सुटलो. नसेल तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा. अंदाजाने मध्यम लावून मोकळं होणाऱ्या आमच्यात आहेत, आणि अंदाजाने तीव्र लावणारेही. दोघांनाही मी हात जोडते.

एन८९ मधले बाकीचे कोड क्वचित लागतात. ल्यूकोप्लाकिया (पांढरे चट्टे) एन८९.४, मला दोनदा मिळाला. अरुंद किंवा बंद झालेला मार्ग एन८९.५, पण जन्मजात असेल तर क्यू५२.४ आणि शस्त्रक्रियेनंतर चिकटलं असेल तर एन९९.२. म्हणजे 'स्टेनोसिस' वाचलं की आधी इतिहास वाचायचा. घट्ट योनिपटल एन८९.६, पण छिद्रच नसेल तर तो जन्मजात दोष, क्यू५२.३.

एन८९.७ एकदाच आला. तेरा वर्षांची मुलगी, पाळी अजून आलेली नाही, दर महिन्याला चार दिवस पोट दुखतं. चार वेळा तातडीच्या विभागात नेलेली. पहिल्या तीन भेटींचे कोड मी मागे जाऊन पाहिले: पोटदुखी, बद्धकोष्ठता, पोटदुखी. चौथ्यांदा कुणीतरी सोनोग्राफी केली आणि दिसलं की रक्त दर महिन्याला येत होतं, बाहेर पडायला वाट नव्हती, आत साठत होतं. हेमॅटोकॉल्पोस. एन८९.७ आणि क्यू५२.३, दोन्ही लावले. त्यांना एकमेकांशी भांडण नाही. चार्ट बंद करायला मला पाच मिनिटं जास्त लागली. टार्गेट त्या दिवशी हुकलं.

मग पेसरीचा चार्ट. गर्भाशय खाली उतरलेल्या वयस्कर बाईंना आधार म्हणून सिलिकॉनची कडी बसवली होती, ती घासून आत जखम झाली. डॉक्टरांनी लिहिलं, योनीमार्गात अल्सर. इंडेक्समध्ये अल्सर, योनी, मिळाला एन७६.५. दाहाच्या घरातला. लावून पुढे जाणार, तर ऑडिटच्या भीतीने टॅब्युलर, म्हणजे कोडांच्या क्रमाने लावलेली पूर्ण यादी, उघडला. एन८९.८ च्या खाली तीनच नावं छापलेली आहेत: अन्यथा न सांगितलेला श्वेतप्रदर, जुनी जखम, आणि पेसरीमुळे झालेला अल्सर. नाव घेऊन लिहिलंय! म्हणजे अल्सर एकच, पण घासून झाला तर दाह नसलेला, आणि कारण नाही सांगितलं तर दाहाच्या घरात. इंडेक्सवर थांबायचं नाही, टॅब्युलरपर्यंत जायचं, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. मला ते त्या आजींच्या कडीने शिकवलं.

एव्हाना एन८९.८ चा मला वैताग यायला लागला होता. बघा ना काय काय आहे त्या खणात: स्राव, जुनी फाटलेली जखम, पेसरीचा अल्सर, भिंतीतली गाठ, रक्त साकळलेली गाठ, कोरडेपणा. आमच्या टीममध्ये एक ताई आहेत, २०१५ च्या आधीपासून कोडिंग करणाऱ्या. त्यांच्या टेबलाच्या खणात अजून जुन्या आयसीडी-९ चं जाडजूड छापील पुस्तक आहे, कोपरे दुमडलेलं, पिवळ्या पट्ट्या चिकटवलेलं. त्यांनी ६२३ चं पान उघडून दिलं. "हे बघ तुझं सासर, जुनं."

६२३.४ जुनी जखम. ६२३.५ श्वेतप्रदर. ६२३.६ रक्ताची गाठ. ६२३.८ इतर, त्यात साधी गाठ. प्रत्येकीला आपापला कोड होता! नव्या पुस्तकात या चारही एकाच एन८९.८ मध्ये कोंबल्या. फक्त पॉलिप सुटला, त्याला एन८४.२ मध्ये बरी जागा मिळाली. लक्षात घ्या, हे त्याच बदलात घडलं ज्यात एकूण कोड जवळजवळ पाचपट झाले. ऑर्थोमध्ये मला त्या श्रीमंतीची सवय होती. एका मनगटाचं मोडणं किती प्रकारांनी सांगता येतं ते मोजायला दिवस पुरणार नाही. आणि पोपट? पोपट चावला तर डब्ल्यू६१.०१. पोपटाने धडक मारली तर डब्ल्यू६१.०२. हे मी रचून सांगत नाही, पुस्तकात आहे. पोपटाला चोचीचा वेगळा आणि पंखांचा वेगळा कोड आहे, आणि जी तक्रार घेऊन बायका रोज दवाखान्यात येतात तिला स्वतःचा कोड होता तो काढून घेतला.

ताई म्हणाल्या, "अगं, कुणी मागितला नसेल." असेलही. नवे कोड मागावे लागतात, वर्षातून दोनदा बैठका होतात, कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं की हे वेगळं मोजायला हवं. बुरशीच्या संसर्गाचं कुणीतरी मागितलं असणार. १ ऑक्टोबर २०२२ पासून बी३७.३ फुटून दोन झाले, नवा संसर्ग बी३७.३१ आणि जुनाट बी३७.३२. मला जुना बी३७.३ पाठ असल्यामुळे मी तोच ठोकत राहिले आणि त्या आठवड्यात माझे नऊ क्लेम सॉफ्टवेअरने तोंडावर फेकले. पण मनातून बरं वाटलं. ज्या बाईला वर्षातून पाचवेळा हा त्रास होतो ती आता आकड्यातून दिसते तरी.

घरी हे आईला सांगत होते. आई कधी असले शब्द उघडपणे बोललेली मला आठवत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या वेळी याला एकच नाव होतं, अंगावरून जातंय. पांढरं असो, तांबडं असो, वास असो. डॉक्टरसुद्धा पुढे विचारायचे नाहीत." मी म्हटलं, "आई, म्हणजे तुमचाही पॉइंट एटच." तिला कळलं नाही. समजावून सांगितल्यावर हसली, पण जरा उशिरा.

या वैतागातून मी दुसऱ्या टोकाला गेले. एन८९.८ लावायचं आलं की हात आखडायला लागला. प्रत्येक चार्टमध्ये काहीतरी अधिक नेमकं सापडेल म्हणून उकरत बसायचे. क्वेरी इतक्या पाठवल्या की लीड मॅडमनी बोलावून घेतलं. "डॉक्टरांच्या ऑफिसमधून फोन आला होता. म्हणाले, तुमची ती एक कोडर आम्हाला परीक्षेला बसवते."

त्यांतली एक क्वेरी सांगते. चौतीस वर्षांची पेशंट, तक्रार योनीमार्गात कोरडेपणा. तपासणीत अस्तर फिकट. निदानाच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं होतं फक्त 'कोरडेपणा'. फिकट अस्तर वाचून माझ्या डोक्यात लगेच अॅट्रॉफिक, एन९५.२. पण तो पाळी गेल्यानंतरच्या विकारांमधला कोड, आणि बाई चौतिशीची. काही औषध? लवकर पाळी गेली? नोंदीत काहीच नव्हतं. क्वेरी लिहिताना नियम असा की उत्तर आपण सुचवायचं नाही. नोंदीत काय दिसतंय ते मांडायचं, पर्याय द्यायचे, आणि त्यांत 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन ठेवायचेच. मी वाक्य चारदा बदललं, कारण प्रत्येक वेळी ते 'अॅट्रॉफिक आहे ना हो डॉक्टर?' असंच ऐकू यायचं.

पाठवायच्या आधी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोरडेपणा लिहिलंय ना त्यांनी? मग तुला काय खटकतंय, निदान की कोड?"

खरं उत्तर कोड असं होतं. पण फिकट अस्तराचं काय, हा प्रश्नही खोटा नव्हता. म्हटलं, ही एक जाऊ द्या, मग महिनाभर पाठवत नाही.

तीन दिवसांनी उत्तर आलं. 'ठरवता येत नाही' वर खूण. खाली डॉक्टरांनी पुरवणी नोंद जोडली होती: दाहाची चिन्हं नाहीत, कारण अजून सापडलेलं नाही, संप्रेरकांच्या चाचण्या पाठवल्या आहेत, चार आठवड्यांनी परत बघते.

मी एन८९.८ टाइप केलं. पुढचा चार्ट उघडला. त्यात लिहिलं होतं: स्राव, दोन आठवडे.